'खालचे टाके' म्हणजे नक्की किती? बाळंतपणातल्या खोल फाटीनंतर काय करायचं

माझ्या डिस्चार्ज कार्डावर एवढंच होतं: 'नॉर्मल डिलिव्हरी, टाके घेतले.' घरी सगळ्यांना हायसं वाटलं. सिझर टळलं, आणखी काय हवं? नवव्या दिवशी बाळाला बघायला पाहुणे आले होते आणि वारा सरला. अडवायचा प्रयत्न केला, पण अडलाच नाही. कुणी काही बोललं नाही, मीही बोलले नाही. असे सहा महिने गेले. मग दुसऱ्या गावच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं की मला तिसऱ्या डिग्रीची फाट पडली होती, आणि हे पहिल्या दिवशीच कळायला हवं होतं. त्यांच्याकडून, पुढे फिजिओथेरपिस्टकडून आणि बऱ्याचशा वाचनातून जे समजलं ते इथे लिहिते आहे. औषधांचे डोस मुद्दाम लिहिलेले नाहीत, ते तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचे.

आधी डिग्री विचारा

मायांग (योनीमार्ग) आणि गुदद्वार यांच्यामधल्या जागेला पेरिनियम म्हणतात. बाळाचं डोकं बाहेर येताना ही जागा कमालीची ताणली जाते आणि थोडंफार फाटणं अगदी सर्रास होतं. फक्त कातडी फाटली तर पहिली डिग्री. खालचे स्नायूही फाटले तर दुसरी. डॉक्टरांनी दिलेला 'कट', म्हणजे एपिसिओटॉमी, खोलीने साधारण दुसऱ्या डिग्रीइतकाच असतो. या जखमा बहुधा मुकाट्याने भरतात.

तिसऱ्या डिग्रीत फाट गुदद्वाराभोवतीच्या गोल स्नायूपर्यंत पोचते. शौच आणि वारा अडवून धरण्याचं काम हाच स्नायू करतो. बाहेरच्या गोल स्नायूची निम्म्यापेक्षा कमी जाडी फाटली तर ३-ए, निम्म्याहून जास्त फाटली तर ३-बी, आणि आतला गोल स्नायूही गेला तर ३-सी. फाट थेट गुदाशयाच्या आतल्या अस्तरापर्यंत गेली तर ती चौथी डिग्री. क्वचित गोल स्नायू शाबूत राहतो आणि त्याच्या वरच्या बाजूला अस्तराला काजासारखं भोक पडतं. ते नजरेतून सुटण्याची शक्यता जास्त, कारण बाहेरून बघताना सगळं ठीक दिसतं.

म्हणून 'किती टाके पडले?' या प्रश्नाचा काही उपयोग नाही. आपल्याकडे सगळे तोच विचारतात, आणि 'सात पडले', 'अकरा पडले' असा आकडा घरोघर फिरतो. दोराही पुष्कळदा सलग घातलेला असतो, मग मोजणार काय? विचारायचं ते असं: "कितव्या डिग्रीची फाट होती? गुदद्वाराचा स्नायू फाटला होता का? शिवून झाल्यावर गुदद्वारातून बोट घालून तपासलं का?" उत्तर डिस्चार्ज कार्डावर लिहून मागा. बाळंतिणीला त्या वेळी हे सुचत नाही, म्हणून हे काम नवऱ्याने किंवा सोबतच्या बाईने करावं. हक्काची माहिती आहे, संकोच नको.

असं होणं दुर्मीळ नाही. ब्रिटनमधल्या प्रसूतितज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजच्या २०१५च्या मार्गदर्शिकेनुसार तिथे नैसर्गिक प्रसूती झालेल्या पहिलटकरणींपैकी १०० मागे सुमारे ६ जणींना तिसऱ्या किंवा चौथ्या डिग्रीची फाट पडते, आणि आधी बाळंतपण झालेल्यांमध्ये १०० मागे २ हून कमी जणींना. बाळ चार किलोच्या वर असणं, डोकं बाहेर येऊन खांदा अडकणं, बाळाचं तोंड आईच्या पोटाकडे असणं, कळा देण्याचा टप्पा लांबणं, बाळ ओढून काढायला चिमटा (फोर्सेप्स) किंवा व्हॅक्यूम लावावा लागणं (त्यातही चिमट्याने जास्त) ही ठळक कारणं. तिथल्या नोंदींत आशियाई वंशाच्या बायकांमध्ये प्रमाण जास्त आढळलं आहे, हे परदेशात बाळंतपण होणाऱ्या आपल्या मुलींना माहीत असावं. 'तू नीट जोर लावला नाहीस' किंवा 'ओरडलीस म्हणून फाटलं' ही कारणं या यादीत नाहीत, हे मी मुद्दाम सांगते.

त्याच मार्गदर्शिकेतली दिलासा देणारी गोष्ट: ही फाट ओळखून नीट शिवली तर ६० ते ८० टक्के बायकांना वर्षभरानंतर काहीही त्रास नसतो.

टाके घालण्याआधी

तिसऱ्या-चौथ्या डिग्रीची फाट लेबर रूमच्या कॉटवर घाईघाईत शिवण्यासारखी नसते. ती शक्यतो ऑपरेशन थिएटरमध्ये, चांगल्या उजेडात, कमरेत इंजेक्शन देऊन किंवा पूर्ण भूल देऊन, अनुभवी हाताने शिवली जावी. फाटलेला गोल स्नायू आखडून आत ओढला जातो, आणि भूल पुरेशी नसेल तर त्याची टोकं नीट जुळवता येत नाहीत. 'परत ओटीत नेतायत' ऐकून नातेवाईक घाबरतात. खरं तर हे चांगलं लक्षण आहे.

लहान गावातल्या केंद्रात अशी सोय किंवा अनुभव नसेल, तर रक्तस्राव आटोक्यात ठेवून बाईला मोठ्या रुग्णालयात पाठवणं योग्य. शिवायला काही तास उशीर झाला म्हणून सहसा नुकसान होत नाही, चुकीचं शिवल्याने होतं. सरकारी रुग्णालयात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली २०११ पासून प्रसूती, औषधं आणि एका दवाखान्यातून दुसरीकडे नेणारी गाडी मोफत आहे. १०२ किंवा १०८ला फोन करा.

पहिले दोन-तीन दिवस

लघवीची नळी बहुधा दिवसभर ठेवतात. ती काढल्यावर चार-सहा तासांत लघवी झाली नाही किंवा थेंबथेंबच झाली तर लगेच नर्सला सांगा, कळ काढत बसू नका. लघवी करताना समोरून कोमट पाण्याची धार सोडत राहिलं तर आग पुष्कळ कमी होते. साधा तांब्या पुरतो.

सूज असते तोवर बर्फ, तोही स्वच्छ कापडात गुंडाळून, एका वेळी दहाएक मिनिटं. कातडीवर थेट नाही. अंगावर पाजताना पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन सहसा चालतं. वेळेवर घ्या, दुखणं अंगावर काढून काही मिळत नाही. कोडीनसारख्या गोळ्यांनी शौचाला खडा होतो, त्या टाळलेल्या बऱ्या.

आणि हे ठळक लिहून ठेवा: गुदद्वारातून काहीही घालायचं नाही. आपल्याकडे प्रसूतीनंतर दुखू नये म्हणून गुदद्वारात गोळी ठेवायची पद्धत आहे. इतर बाळंतिणींना ती चालते, पण गोल स्नायू किंवा अस्तर शिवलेलं असताना नको. एनिमाही नको. ड्यूटी बदलली की नव्या सिस्टरला तुमची फाट कितवी ते माहीत नसू शकतं. तुम्हीच सांगा.

अँटिबायोटिकचा कोर्स पूर्ण करा. ही जखम जंतूंच्या वाटेवरच आहे.

पहिली शी

सगळ्यांत जास्त भीती याचीच वाटते. मी तीन दिवस जेवणच कमी केलं होतं, म्हणजे जावंच लागणार नाही! असं करू नका. शौच आज ना उद्या होतेच, आणि थांबवून ठेवली तर ती कडक होऊन येते. ताजी शिवण उसवायला कडक खड्यासारखं दुसरं काही नाही.

डॉक्टर बहुधा लॅक्ट्युलोजसारखं पातळ औषध दहाएक दिवस देतात. ते आतड्यात पाणी धरून ठेवतं आणि शी मऊ होते. ती पिकलेल्या केळ्यासारखी मऊ झाली की प्रमाण बरोबर. पाण्यासारखी व्हायला लागली तर डॉक्टरांना विचारून औषध कमी करा, कारण दुखावलेल्या स्नायूला पातळ शी अडवता येत नाही आणि जखमही घाण होते. या औषधासोबत घरातलं ईसबगोल मनाने सुरू करू नका. ते शीचा आकार वाढवतं, आणि आत्ता आपल्याला मोठी शी नको आहे, मऊ हवी आहे.

लोहाच्या गोळ्या सरकारी कार्यक्रमानुसार प्रसूतीनंतर १८० दिवस घ्यायच्या असतात. त्यांनी शी काळी होते, कधी कडकही होते. काळ्या रंगाची काळजी नको. कडक होत असेल तर गोळी परस्पर बंद न करता डॉक्टरांना सांगा.

प्रत्यक्ष जाताना:

१. पहिले दोन-तीन आठवडे उकिडवं बसायला लावणारा संडास टाळता आला तर टाळा. वाकून बसताना-उठताना टाके ताणतात. कमोड नसेल तर औषधाच्या दुकानात कमोडची खुर्ची मिळते, भाड्यानेही मिळते.

२. पायांखाली पाट किंवा छोटं स्टूल घ्या. गुडघे कमरेपेक्षा वर, कोपरं मांड्यांवर, थोडं पुढे झुकून बसा. यामुळे आतली वाट सरळ होते आणि जोर कमी लागतो.

३. स्वच्छ पॅड हातात धरून पुढच्या बाजूने टाक्यांवर हलकं दाबून ठेवा. 'सगळं बाहेर पडेल' ही भीती याने निम्मी होते.

४. कुंथू नका. तोंड उघडं ठेवून, मेणबत्तीवर फुंकर घालावी तसा हळू श्वास सोडा आणि पोट सैल सोडा. पाच-सात मिनिटांत झालं नाही तर उठा, परत वाटेल तेव्हा जा. मोबाइल आत नेऊ नका.

५. धुताना हात पुढून मागे. जेट स्प्रे असेल तर धार अगदी हळू ठेवा. मग मऊ कापडाने टिपून घ्या, घासू नका.

चौथ्या दिवसापर्यंत शौचाला झालंच नाही तर फोन करा.

घरचं बाळंतपण: काय ठेवायचं, काय सोडायचं

इथे माझे आणि आईचे वाद झाले, आणि थोडी हार दोघींनीही मानली.

पाणी. बाळंतिणीला पाणी कमी द्यायचं, 'पोट सुटतं' म्हणून, ही समजूत अजून घरोघर आहे. अंगावर पाजणाऱ्या आणि टाके असलेल्या बाईसाठी ती सरळ घातक आहे. कोमट द्या, बाळंतशेपा घालून उकळलेलं द्या, पण तहान भागेल एवढं भरपूर द्या. प्रत्येक पाजण्याच्या वेळी हाताशी पेलाभर पाणी असलं की लक्षात ठेवावं लागत नाही.

खाणं. शेपू, दुधी, भोपळा, तोंडली, मऊ भात, मुगाची आमटी, तूप, अळिवाची खीर, सगळं चालेल. भाज्या आणि फळं बंद करून नुसत्या भाकरी-तुपावर आणि डिंकाच्या लाडवांवर ठेवलं तर पोट साफ होणं अवघड. लाडू खा, पण सोबत पपई किंवा भिजवलेले मनुकेही खा.

शेक-शेगडी. ओवा, वावडिंग, धूप घालून निखाऱ्यावर खालून धुरी घ्यायची पद्धत आहे. खोल टाके असताना हे अजिबात नको. तिथली संवेदना काही दिवस बधिर असते, भाजलं तरी कळत नाही. धूर बाळाच्या फुप्फुसात जातो तो वेगळाच. शेकच हवा असेल तर टाके तपासून झाल्यावर डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे स्वच्छ टबात कोमट पाणी घेऊन दहा मिनिटं बसा, दिवसातून दोन-तीनदा, आणि नंतर पूर्ण कोरडं करा. पाण्यात काही घालायला डॉक्टरांनी सांगितलं असेल तर सांगितलेल्या प्रमाणातच. डेटॉल ओतणं, हळद-तेल लावणं, राख लावणं नाही म्हणजे नाही.

मालिशवाल्या मावशींना हात-पाय-पाठ चोळू द्या, सुख वाटतं. त्यांना पोट जोरात दाबू देऊ नका. पोटाला घट्ट कापड आवळून बांधलं की आतला दाब खालीच येतो, म्हणजे नेमका टाक्यांवर. सैल आधार पुरे.

पॅड तीन-चार तासांनी बदला. मांडी घालून फार वेळ बसू नका, कुशीवर झोपून पाजायला शिका. ती एक गोष्ट आधी कुणी शिकवली असती तर माझे दोन आठवडे सोपे गेले असते. बाळापेक्षा जड काही उचलू नका. पाण्याची कळशी, ओल्या कपड्यांची बादली, गॅसचा सिलिंडर यांना सहा आठवडे हात नाही.

बाहेरच्या टाक्यांचे दोरे दोन-चार आठवड्यांत गळून पडतात आणि पॅडवर दिसतात. 'टाके उसवले' म्हणून घाबरू नका. गोल स्नायूचे दोरे मात्र मुद्दाम उशिरा विरघळणारे वापरतात, काहींना कित्येक महिने लागतात. तिथे बारीक गाठ टोचल्यासारखी वाटू शकते.

लगेच दवाखाना गाठायचा तो केव्हा

ताप १००.४ अंश फॅरनहाइट किंवा वर, पू किंवा घाण वास, कमी होत चाललेलं दुखणं पुन्हा वाढणं, जखम उघडलेली दिसणं, तासाभरात एक पॅड भिजून जाणं, लघवी अडणं, एका पोटरीला सूज आणि दुखणं. यातलं काहीही असेल तर सकाळची वाट पाहू नका.

एक लक्षण वेगळं सांगते. वारा किंवा शी *मायांगातून* येत असेल तर ते टाक्यांचं साधं दुखणं नाही. गुदाशय आणि मायांग यांच्यात वाट पडली असण्याची शक्यता असते, तिला फिस्टुला म्हणतात. शस्त्रक्रियेने ती बरी होते. सूज आणि जंतुसंसर्ग उतरेपर्यंत काही महिने थांबावं लागू शकतं, पण निदान लगेच व्हायला हवं.

आशाताई दवाखान्यात प्रसूती झालेल्या घरी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी येतात. त्या बाळाचं वजन करतात तेव्हा त्यांना बाजूला घेऊन स्वतःचंही सांगा.

स्नायूला पुन्हा कामाला लावणं

नळी निघाली, लघवी नीट होऊ लागली आणि डॉक्टरांनी हो म्हटलं की अगदी हलक्याने सुरुवात करायची. आडवं पडून, चारचौघांत वारा अडवायचा असल्यासारखं गुदद्वार आवळा आणि आत-वर ओढा, मग तेच पुढे लघवीच्या जागेपर्यंत न्या. कुल्ले आवळायचे नाहीत, श्वास कोंडायचा नाही. सुरुवातीला दोन-तीन सेकंद धरता आलं तरी खूप. मग तेवढाच वेळ पूर्ण सैल सोडायचं. सैल सोडणं हा अर्धा व्यायाम आहे, आणि तोच बहुतेकजणी विसरतात. हळूहळू दहा सेकंदांपर्यंत, दहा वेळा, दिवसातून तीनदा. त्याशिवाय दहा झटपट आवळण्या. खोकण्याआधी, शिंकण्याआधी, बाळाला उचलण्याआधी एकदा आवळायची सवय लावा. लघवी मध्येच अडवून सराव करू नका.

पहिले आठवडे काहीच हलत नाही असं वाटतं. मला दीड महिन्याने फरक जाणवला. तीन महिने तरी नेटाने करा. पेल्विक फ्लोअरचं (ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचं) काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्ट मोठ्या शहरांत मिळतात. एकदा भेटून आपण बरोबर आवळतोय का एवढं तपासून घेतलं तरी पुष्कळ.

सहा ते बारा आठवडे: न लाजता सांगायच्या गोष्टी

या दरम्यान एक भेट हवीच. बाळाच्या लसीसोबत उरकायची नाही, तुमची स्वतंत्र. डॉक्टर 'काही त्रास?' विचारतील आणि तोंडातून 'नाही' निघून जाईल, म्हणून कागदावर लिहून न्या: वारा अडवता येतो का, शौचाची कळ आली की धावत जावं लागतं का, कपड्याला डाग लागतो का, लघवी गळते का, संबंध ठेवताना दुखतं का. बोलवत नसेल तर कागद पुढे सरकवा. मी तेच केलं.

यातलं काही असेल तर 'बाळंतपणानंतर असं व्हायचंच' हे उत्तर घेऊन परत येऊ नका. गुदद्वाराच्या आतून करायची सोनोग्राफी असते, तिच्यात गोल स्नायू किती जुळला आहे ते दिसतं. स्नायूचा दाबही मोजता येतो. ही सोय मोठ्या रुग्णालयात, गुदविकाराच्या शल्यतज्ज्ञांकडे असते. बहुतेकींना व्यायाम, बायोफीडबॅक (स्नायू किती आवळला ते यंत्रावर बघत करायचा सराव), चहा-कॉफी आणि तिखट कमी करणं, गरजेप्रमाणे शी घट्ट करणारं औषध एवढ्याने आराम पडतो. थोड्याजणींना शस्त्रक्रिया लागते. 'मूळव्याध असेल' म्हणून मलम लावत वर्ष घालवू नका.

संबंधांची घाई नको. जखम पूर्ण भरलेली, रक्त जाणं थांबलेलं आणि तुमची इच्छा असलेली, तिन्ही एकत्र हवीत. अंगावर पाजताना तिथे कोरडेपणा असतोच, पाण्यावर आधारित जेल वापरा. आणि पाळी आली नाही तरी दिवस राहू शकतात.

नोकरी करणाऱ्या बायकांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. १९६१च्या मातृत्व लाभ कायद्यात २०१७च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची रजा आली. नोव्हेंबर २०२५मध्ये त्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली, आणि ही रजा तिच्यातही आहे. प्रसूतीतून आलेल्या आजारपणासाठी त्यावर आणखी एक महिन्यापर्यंतची पगारी रजा मिळू शकते. त्यासाठी वैद्यकीय कागद लागतो, आणि त्यावर 'टाके घेतले' एवढंच असून भागत नाही.

पुढचं बाळंतपण

खोल फाट एकदा पडली म्हणून पुढचं सिझरच, असं नाही. पुन्हा तशीच फाट पडण्याची शक्यता १०० मागे साधारण ५ ते ७. काही त्रास उरला नसेल आणि तपासणीत स्नायू चांगला दिसला तर नैसर्गिक प्रसूतीचा विचार करता येतो. वारा-शी अडवण्याचा त्रास अजून असेल किंवा सोनोग्राफीत स्नायू तुटलेला दिसला तर ठरवून सिझरचा पर्याय डॉक्टरांनी समोर ठेवायला हवा. पुन्हा फाटू नये म्हणून प्रत्येकीला सरसकट कट देण्याला आधार नाही.

साधारण ३५ व्या आठवड्यापासून पेरिनियमची हलकी मालिश शिकून घ्या. कळा देण्याच्या टप्प्यात त्या जागी कोमट पाण्यात बुडवून पिळलेलं कापड धरायला सांगा, त्याने खोल फाटी कमी होतात हे अभ्यासांत दिसलं आहे. डोकं बाहेर येताना 'जोर लावू नको, फक्त श्वास सोड' म्हटलं की खरंच थांबा.

नाव नोंदवायच्या पहिल्याच दिवशी जुनं डिस्चार्ज कार्ड आणि सोनोग्राफी टेबलावर ठेवा, नवव्या महिन्यात नाही. कार्डावर डिग्री नसेल तर जुन्या रुग्णालयात अर्ज करून ऑपरेशन नोटची प्रत मागवा. माझी यायला तीन आठवडे लागले. तिच्यात दुसऱ्या ओळीत स्वच्छ अक्षरात लिहिलेलं होतं: ३-बी.